पायथनची पॅकेजिंग टूल्स: कुणाला कोणतं सुचवायचं, हे कसं ठरवावं

पायथनमध्ये लिहिलेलं काही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इन्स्टॉल कसं करायचं? उत्तरं ढीगभर आहेत. पिप आणि व्हेन्व, कोंडा, पोएट्री, पीडीएम, हॅच, पिपएक्स, यूव्ही. यातलं सगळ्यात चांगलं कोणतं, यावर दोन अनुभवी माणसं एकत्र बसवली तरी चहा गार होईपर्यंत एकमत होत नाही.

शिफारस करणाऱ्याने त्या वादात पडायचं कारण नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, मिरजेतल्या पॅथॉलॉजी लॅबचा डेटा सांभाळणारी मुलगी, कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याचा मेंटेनन्सवाला आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचे दिवाणजी या चौघांना एकच टूल सुचवणारा माणूस चौघांपैकी तिघांना गोत्यात आणतो. बघायचं ते एवढंच: मी सुचवलेली गोष्ट महिन्याभराने अडली, तर या माणसाला ती स्वतः सोडवता येईल का? नसेल, तर तो फोन कुणाला करेल? बऱ्याचदा तो फोन आपल्यालाच येतो, म्हणून नीट विचार करून सुचवलेलं बरं.

लॅब घेणारे शिक्षक, छोट्या फर्ममधले डेव्हलपर आणि स्वतःच्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या इन्स्टॉलच्या सूचना लिहिणारे यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं पायथनची असली तरी पद्धत जावास्क्रिप्टसाठीही बरीचशी लागू पडेल.

पायरी १: आधी माणूस बघा

‘पायथन वापरणारे’ असा एकच गट धरला की घोळ तिथूनच सुरू होतो. कामं तीन प्रकारची असतात.

काहींना प्रोग्राम फक्त चालवायचा असतो. एका अडत दुकानासाठी रोजच्या सौद्यांच्या एक्सेल फाइली एकत्र करून शेतकरीवार पट्टी काढणारी स्क्रिप्ट बसवायची होती. मी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन आणि त्याची पॅकेजेस) म्हणजे काय ते सांगायला लागलो, तसे दिवाणजी म्हणाले, "साहेब, ते पायथन-बियथन तुमच्याकडं ठेवा. मला डबल क्लिक केल्यावर पट्टी निघाली पाहिजे." माझ्या मते चालवणाऱ्या गटाची संपूर्ण गरज त्या एका वाक्यात येते.

काहींना लिहायचं असतं. विद्यार्थी, संशोधक, डेटावर काम करणारे. यांना पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, घालायची, काढायची, बदलायची असतात. तीन प्रकल्प एकमेकांत न मिसळता ठेवायचे असतात आणि सहा महिन्यांनी परत उघडल्यावर तेच उत्तर यायला हवं असतं.

तिसरे म्हणजे स्वतःची लायब्ररी तयार करून पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर, टाकणारे. आपल्या भागात हे संख्येने कमी, पण टूल्सवरची निम्मी चर्चा यांच्याच गरजांभोवती फिरते. नवशिक्या विद्यार्थी ती चर्चा वाचतो आणि साध्या प्रॅक्टिकलसाठी बिल्ड बॅकएंड, म्हणजे पॅकेज बांधणारं टूल, कोणता निवडू म्हणून विचारत येतो.

गट ठरला की त्या माणसाच्या परिस्थितीची टिपणं करा. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती आणि किती जुनी? अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे आहे का? इंटरनेट आहे का, की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चाललंय? मधे संस्थेची फायरवॉल आहे का? हे किती दिवस चालायचं आहे: एक सेमिस्टर की पाच वर्षं?

ही यादी कंटाळवाणी वाटते, पण निम्मी उत्तरं तिच्यातूनच मिळतात. कारखान्यात मशीनच्या नोंदी वाचणारा कॉम्प्युटर विंडोज ७ वर असेल, तर तिथे पायथन ३.८ च्या पुढची आवृत्ती बसणारच नाही, कारण ३.९ पासून विंडोज ७ चा पाठिंबा काढलेला आहे. आणि ३.८ ची अधिकृत देखभाल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये संपली. अशा ठिकाणी ‘नवीन टूल घ्या’ हा सल्ला निरुपयोगी आहे. तिथे निवड ठरवायला आपण नंतर येतो. आधी ते जुनं यंत्र येतं.

पायरी २: टूल काय काय करतं ते सुटं करून बघा

‘पॅकेजिंग टूल’ या एका नावाखाली सहा वेगळी कामं येतात: पायथन स्वतः बसवणं, प्रकल्पासाठी वेगळी एन्व्हायर्नमेंट बनवणं, पॅकेजेस आणून बसवणं, नेमक्या आवृत्त्या गोठवून ठेवणं, स्वतःच्या कोडचं पॅकेज बांधणं आणि ते पायपीआयवर चढवणं.

पिप तिसरं काम करतं आणि थोडंफार चौथं. व्हेन्व फक्त दुसरं. पोएट्री, पीडीएम आणि हॅच दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत कमीअधिक सगळं करतात. यूव्ही पहिल्यापासून सहाव्यापर्यंत. कोंडा पहिली चार कामं करतं, पण वेगळ्या जगात: त्याचे पॅकेजचे साठे वेगळे, फॉरमॅट वेगळा, आणि त्यात पायथनबाहेरच्या सी किंवा फोरट्रानच्या लायब्रऱ्याही बसतात. पिपएक्स याहून वेगळं. तयार कमांड-लाइन प्रोग्राम प्रत्येकी स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवणं एवढंच त्याचं काम.

इतकी टूल्स कशी झाली? थोडा इतिहास माहीत असला तर शिफारस करताना उपयोग होतो. डिस्टयुटिल्स २००० साली पायथनमध्ये आलं, पायपीआय २००३ मध्ये सुरू झालं, सेटअपटूल्स २००४ चं, पिप २००८ चं. व्हेन्व पायथन ३.३ बरोबर २०१२ मध्ये भाषेतच आलं आणि ३.४ पासून पिपही सोबत मिळू लागलं. बराच काळ पॅकेज बांधायचं म्हणजे सेटअपटूल्स, दुसरा रस्ता नव्हता. मग पेप ५१७ आणि ५१८ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावांनी बांधणारं टूल आणि बसवणारं टूल वेगळं केलं, आणि पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही फाइल आली. पेप ६२१ ने त्या फाइलीत प्रकल्पाचं नाव, आवृत्ती, लागणारी पॅकेजेस कशी लिहायची ते ठरवून दिलं. दार उघडल्यावर नवी टूल्स येणारच होती. डिस्टयुटिल्स तर पायथन ३.१२ मध्ये, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, काढूनच टाकलं.

यातून आपल्या कामाचा निष्कर्ष असा. प्रकल्पाची माहिती प्रमाणित रूपात पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये असेल, तर टूल बदलणं फार अवघड जात नाही. ती एखाद्या टूलच्या खाजगी रकान्यात असेल, तर बदलताना घाम फुटतो. पोएट्रीने बरीच वर्षं स्वतःचा वेगळा रकाना वापरला. प्रमाणित पद्धत २०२५ च्या जानेवारीतल्या २.० आवृत्तीत आली. त्यामुळे पोएट्री वापरणारा जुना प्रकल्प हाती आला तर आधी ती फाइल उघडून माहिती कुठल्या रकान्यात आहे ते बघा.

पायरी ३: निकष, आणि त्यांचा क्रम

वेग हा निकष मी सगळ्यात शेवटी ठेवतो. यूव्ही पिपपेक्षा खूपच वेगवान आहे, यात वाद नाही. पण ज्याला महिन्यातून एकदा चार पॅकेजेस बसवायची आहेत, त्याला वाचलेल्या अर्ध्या मिनिटाचं काय करायचं? वेगाची खरी किंमत तीस कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये कळते, किंवा दर बदलाला आपोआप चाचण्या चालतात तिथे.

सगळ्यात वर ठेवायचा निकष: अडल्यावर काय दिसतं? टूलचा एरर मेसेज वाचून नवशिक्याला पुढची पायरी कळते का? उबंटूवर अनेकांना भेटणारं उदाहरण घ्या. उबंटू ज्यावर बेतलेलं आहे त्या डेबियनची १२ ही आवृत्ती २०२३ च्या जूनमध्ये आली, तेव्हापासून सिस्टीमच्या पायथनमध्ये थेट पिपने काही बसवायला गेलं की नकार मिळतो, ‘ही एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळली जाते’ अशा अर्थाचा. उबंटू २४.०४ वरही तेच. हे पेप ६६८ नुसार आहे आणि योग्यच आहे, कारण सिस्टीमचे स्वतःचे प्रोग्राम त्या पायथनवर चालतात. मेसेजमध्ये व्हेन्व वापरा, पिपएक्स वापरा असं नीट सांगितलेलंही असतं. पण शेवटी जबरदस्तीने बसवायचा एक पर्यायही दिलेला असतो, ज्याच्या नावातच ‘सिस्टीमची पॅकेजेस मोडा’ असं लिहिलंय. विद्यार्थी नेमका तोच उचलतो, कारण त्याने काम लगेच होतं. तुमच्या सूचनांमध्ये तो पर्याय चुकूनही लिहू नका.

दुसरा निकष: पायथनबाहेरचं काय लागतं? २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठचे पूरनकाशे, पाणी चढण्याचे अंदाज असे विद्यार्थी-प्रकल्प करणं साहजिक आहे. त्यात जीडॅल ही भौगोलिक डेटाची लायब्ररी येतेच. तिची पायथनसाठीची मूळ जोडणी पायपीआयवर सोर्सच्या रूपात मिळते, म्हणजे ती बसवायला जीडॅल स्वतः आणि सी++ कंपायलर कॉम्प्युटरवर आधी लागतो. विंडोजवर हे प्रकरण एक अख्खी दुपार खातं. रास्टेरिओ आणि पायओग्रिओ या भौगोलिक डेटाच्याच पॅकेजेसची तयार व्हील्स, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या फाइली, मिळतात आणि त्यांच्या पोटात जीडॅल असतंच, त्यामुळे साध्या कामाला पिप पुरतं. पण मूळ जोडणीही हवी आणि बाकीचंही हवं, तर एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये जीडॅलच्या दोन वेगळ्या प्रती येतात, मग कुठली लायब्ररी कशाला जोडली गेलीय ते शोधत बसावं लागतं. इथे कोंडा-फोर्ज हा कोंडाचा पॅकेज-साठा सरस ठरतो, कारण तिथे सगळं एकाच जीडॅलवर बांधलेलं असतं.

तिसरा निकष लायसन्स. कोंडा मुळात बनवणाऱ्या अ‍ॅनाकोंडा कंपनीने २०२० मध्ये आपल्या मुख्य पॅकेज-साठ्याच्या अटी बदलल्या. २०० हून जास्त माणसं असलेल्या व्यावसायिक संस्थेला तो साठा वापरायला पैसे भरावे लागतात. शिक्षणासाठी सवलत आहे, पण ती कुणाला आणि कशी हे कॉलेजने अटी वाचूनच ठरवावं. कोंडा हे टूल स्वतः मुक्त आहे आणि कोंडा-फोर्ज हा साठा समुदायाचा आहे. म्हणून कोंडा सुचवायचं असेल तर ‘अ‍ॅनाकोंडा डाउनलोड करा’ असं न लिहिता ‘मिनिफोर्ज डाउनलोड करा’ असं लिहा. मिनिफोर्ज मुळात कोंडा-फोर्जवरूनच पॅकेजेस आणतं. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हे सांगणं तर आपलं कर्तव्यच समजा. त्याने घरी शिकताना बसवलेलं उद्या कंपनीच्या लॅपटॉपवर जातं.

चौथा: टूल सांभाळतं कोण? एन्व्हायर्नमेंट आणि आवृत्त्या सांभाळणाऱ्या पिपएन्व या टूलची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. २०१७ मध्ये ते आलं, लवकरच पायथन पॅकेजिंगच्या अधिकृत मार्गदर्शिकेत त्याची शिफारस झाली, आणि लोकांनी भराभर उचललं. नोव्हेंबर २०१८ च्या आवृत्तीनंतर पुढची स्थिर आवृत्ती यायला मे २०२० उजाडलं. दीड वर्ष. मधल्या काळात ज्यांनी ते शिकवलं होतं त्यांना विद्यार्थ्यांच्या शंकांना काय उत्तर द्यावं कळेना. पिपएन्व बंद पडलं नाही, आजही चालतं, पण अधिकृत शिक्का म्हणजे देखभालीची हमी नव्हे एवढं त्यातून लक्षात घ्यावं. यूव्ही हे अ‍ॅस्ट्रल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेलं टूल आहे. मुक्त लायसन्सखाली आहे, पण घडवणारे मुख्य लोक कंपनीचे. पिप स्वयंसेवक सांभाळतात. दोन्हींत धोका आहे, फक्त वेगळ्या जातीचा, आणि म्हणूनच पायरी २ मधली ‘टूल बदलता येतं का’ ही चौकशी महत्त्वाची.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. पॅकेजचं नाव एका अक्षराने चुकलं तर भलतंच, कधी मुद्दाम पेरलेलं घातक पॅकेज बसू शकतं. म्हणून नावं तोंडी सांगू नका. लेखी द्या आणि आवृत्तीसकट द्या.

पायरी ४: खऱ्या कॉम्प्युटरवर करून बघा

हळदीच्या सौद्यात पोत्यातला नमुना हातावर घेतल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. इथेही तसंच करा. आपल्या लॅपटॉपवर चाललं याला काही किंमत नाही. आपल्या लॅपटॉपवर पायथनच्या चार आवृत्त्या, कंपायलर आणि अ‍ॅडमिन हक्क सगळं असतं. वापरकर्त्याकडे असतो त्यातला सगळ्यात वाईट कॉम्प्युटर मागून घ्या आणि लिहिलेल्या सूचना अक्षरशः तशाच पाळा.

विंडोजवर पहिल्याच ओळीला काय होतं बघा. पायथन बसवलेलं नसताना कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथन असं टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. विद्यार्थ्याला वाटतं इन्स्टॉल झालं. नेहमीच्या इन्स्टॉलरने बसवलं तर पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीत, घालायची चौकट आपणहून टिक झालेली नसते, मग ‘कमांड सापडत नाही’. सूचनांमध्ये पाय लाँचर वापरला, म्हणजे पायथनऐवजी पीवाय ही दोनच अक्षरं, तर ही अडचण बरीच टळते. पिपही थेट न चालवता पायथनमार्फत, एम या पर्यायाने चालवायला सांगा. ज्या पायथनमध्ये काम करतोय त्याच पायथनचं पिप चालेल याची खात्री होते. एका कॉम्प्युटरवर दोन पायथन असतील तर ‘इन्स्टॉल झालं पण इम्पोर्ट होत नाही’ या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी इथेच सापडतं.

पुढची ठेच पॉवरशेलमध्ये. व्हेन्व बनतं, पण अ‍ॅक्टिव्हेट करायला गेलं की लाल अक्षरांत ‘या सिस्टीमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’. तीन उपाय आहेत: चालू वापरकर्त्यापुरती एक्झिक्युशन पॉलिसी बदलणं, पॉवरशेलऐवजी साधा कमांड प्रॉम्प्ट वापरणं, किंवा अ‍ॅक्टिव्हेट न करता व्हेन्वच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं पायथन थेट चालवणं. कॉलेजच्या लॅबमध्ये पहिला उपाय धोरणाने बंद असू शकतो. मी दुसरा लिहून देतो. यूव्हीच्या रन कमांडला अ‍ॅक्टिव्हेट करायची गरजच पडत नाही, आणि नवशिक्यांना ते सुचवण्यामागे माझ्या लेखी वेगापेक्षा हे कारण मोठं आहे.

उबंटूच्या लॅबमध्ये वेगळीच गंमत. पायथन असतं, पण व्हेन्व बनवायला लागणारं पॅकेज वेगळं बसवावं लागतं आणि त्याला सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे, हक्क लागतात. लॅब असिस्टंट सुट्टीवर असेल तर प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात. सत्र सुरू व्हायच्या आत ते पॅकेज सगळ्या कॉम्प्युटरवर आहे का, बघून घ्या. यूव्ही एकाच फाइलीत येतं, वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतं आणि लागेल ते पायथनही स्वतः आणतं, त्यामुळे अ‍ॅडमिनवाचून चालतं. मात्र ते पायथन इंटरनेटवरून उतरतं. फायरवॉलने असे डाउनलोड अडवले असतील तर इथेच थांबाल. फायरवॉल स्वतःचं सर्टिफिकेट मधे घालत असेल तर ‘सिस्टीमची सर्टिफिकेटं वापर’ असं टूलला वेगळं सांगावं लागू शकतं.

काही लॅबमध्ये रीस्टार्ट केल्यावर सी ड्राइव्ह मूळ स्थितीत परत जातो. तिथे एन्व्हायर्नमेंट डी ड्राइव्हवर करायला सांगा. मग यूव्ही वापरताना आणखी एक बारकावा: त्याचा कॅश (उतरवलेल्या पॅकेजेसचा साठा) सी वर आणि प्रकल्प डी वर असला की फाइली नुसत्या जोडता येत नाहीत, पूर्ण कॉपी होतात. तसा इशारा दिसतो, घाबरायचं कारण नाही. कॅशची जागा डी वर नेली की प्रश्न मिटला.

पेनड्राइव्हचाही विषय आलाच. व्हेन्वचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन हॉस्टेलच्या लॅपटॉपवर चालवू पाहणारे प्रत्येक बॅचला निघतात. ते चालत नाही. आत मूळ कॉम्प्युटरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. न्यायची ती पॅकेजेसची यादी किंवा लॉक फाइल, म्हणजे नेमक्या आवृत्त्या गोठवलेली फाइल, आणि तिच्यावरून नव्या ठिकाणी एन्व्हायर्नमेंट पुन्हा बनवायची. हे वाक्य सूचनांमध्ये ठळक टाका.

विंडोजवर वापरकर्त्याच्या नावात स्पेस किंवा देवनागरी अक्षरं असतील तर तेही तपासा. कोंडाचा इन्स्टॉलर अशा जागेबद्दल इशारा देतो, आणि फार आत आत गेलेल्या फोल्डरना २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून आडवी येते. डेस्कटॉपवर ‘टीवाय बीटेक प्रोजेक्ट फायनल नवीन’ असल्या नावाचं फोल्डर असेल तर ते आधी सी किंवा डी च्या मुळाशी हलवा.

पायरी ५: आता शिफारस

चालवणाऱ्यांना पॅकेजिंगचं टूल सुचवूच नका. दिवाणजींसाठी पायइन्स्टॉलरने (प्रोग्राम आणि पायथन एकत्र बांधणारं टूल) बनवलेलं एक फोल्डर आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट. सगळं एकाच एक्झी फाइलीत बसवण्याचा मोह होतो, पण तशी फाइल दर वेळी टेम्प फोल्डरमध्ये उलगडते, सुरू व्हायला वेळ लागतो आणि अँटिव्हायरस संशय घेतात. फोल्डरवाला प्रकार बरा. विंडोजसाठीचं फोल्डर विंडोजवरच बांधावं लागतं, लिनक्सवर बसून ते होत नाही. चालवणारा माणूस टर्मिनलला घाबरत नसेल, तर पिपएक्स किंवा यूव्हीची टूल कमांड सोयीची. अपडेट करणं सोपं जातं.

इंटरनेट नसलेल्या कारखान्यासाठी पिप हेच उत्तर, जुनं असलं तरी. इंटरनेट असलेल्या कॉम्प्युटरवर पिपच्या डाउनलोड कमांडने सगळी व्हील्स एका फोल्डरमध्ये उतरवा. विंडोजची जात आणि पायथनची आवृत्ती कारखान्यातल्या कॉम्प्युटरशी जुळली पाहिजे, नाहीतर तिथे जाऊन हात हलवत परत यावं लागेल. मग तिथे पायपीआयकडे न जाता त्या फोल्डरमधूनच बसवायला सांगणारे पर्याय देऊन इन्स्टॉल करा. ते फोल्डर पायथनच्या इन्स्टॉलरसकट जपून ठेवा. तीन वर्षांनी हार्डडिस्क उडाली तर त्याच फोल्डरवर सगळं उभं करता येतं.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना काय? इथे माझं मत सरळ आहे. पहिले काही तास व्हेन्व आणि पिप हाताने करू द्या. एन्व्हायर्नमेंट म्हणजे एक फोल्डर आहे, आत पायथन आहे, पॅकेजेस कुठे पडतात हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं कुठलंही टूल जादू वाटत नाही. त्यानंतर यूव्हीवर न्या. एकाच फाइलीची स्क्रिप्ट असेल तर पेप ७२३ नुसार लागणाऱ्या पॅकेजेसची नावं फाइलीच्या डोक्यावरच कॉमेंटच्या रूपात लिहिता येतात. यूव्हीने ती चालवली की आवश्यक ते आपोआप येतं. सबमिशन तपासणाऱ्या शिक्षकाला याचं मोल कळेल.

भौगोलिक डेटा किंवा आर आणि पायथन एकत्र असं काही असेल, तर मिनिफोर्ज. आणि एक नियम सोबत द्या: कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आधी कोंडाने जे मिळतं ते सगळं बसवा, उरलेलं शेवटी पिपने. उलटसुलट करत राहिलात तर दोघंही एकमेकांच्या फाइलींवर लिहितात. तसं झालं तर दुरुस्तीच्या मागे न लागता एन्व्हायर्नमेंट काढून नवी करा.

लायब्ररी प्रकाशित करणाऱ्यांना मी फार काही सुचवत नाही. प्रमाणित पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ठेवा, मग बॅकएंड सेटअपटूल्स असो की हॅचचं हॅचलिंग, वापरणाऱ्याला फरक पडत नाही. पायपीआयवर जानेवारी २०२४ पासून टू-फॅक्टर सक्तीचं आहे. पायपीआयचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) फाइलीत ठेवण्यापेक्षा २०२३ मध्ये आलेलं ट्रस्टेड पब्लिशिंग वापरा, त्यात टोकन जपून ठेवावं लागत नाही.

आवृत्त्या गोठवायला टीममध्ये आधीपासून पोएट्री किंवा पीडीएम असेल आणि नीट चालत असेल, तर बदलायला लावू नका. लॉक फाइलीचा सामाईक फॉरमॅट पेप ७५१ ने मार्च २०२५ मध्ये मंजूर झाला आहे, टूल्स हळूहळू तो घेताहेत.

पायरी ६: लिहून देताना

एकच मार्ग वर, ठळक. बाकीचे खाली, ‘हे का लागेल’ या एका ओळीसह. पाच पर्याय समान मानाने मांडले की वाचणारा सगळ्यात ओळखीचं नाव उचलतो, मग निवड आपण केलीच नाही असं होतं.

कमांड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. अंडरस्कोअरमधली अक्षरं तिथे तिरकी होतात आणि अंडरस्कोअर गायब. स्टारमधलं ठळक होतं. फोनचा कीबोर्ड कधी सरळ अवतरणचिन्ह वाकडं करतो, वर्डमध्ये दोन हायफनचा एक लांब डॅश होतो. दिसायला कमांड बरोबर, चालवायला चूक, आणि समोरच्याला फरक दिसतही नाही. साधी टेक्स्ट फाइल द्या किंवा वेबपानावर कोडच्या चौकटीत ठेवा.

प्रत्येक कमांडनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवं ते लिहा. ‘शेवटच्या ओळीत सक्सेसफुली इन्स्टॉल्ड असं दिसेल, नाही दिसलं तर पुढे जाऊ नका.’ काढून कसं टाकायचं तेही लिहा, ते कुणीच लिहीत नाही. सगळ्यात वर तारीख, आणि कोणत्या विंडोज किंवा उबंटूवर, कोणत्या पायथनवर तपासलं ते. तारीख नसलेली सूचना किती शिळी आहे हे वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो.

पायरी ७: शिफारस कधी बदलायची

नवं टूल आलं म्हणून लगेच बदलू नका. शैक्षणिक वर्ष चालू असताना तर नाहीच. जून-जुलैत नवी बॅच यायच्या आधी एकदा सगळं पुन्हा करून बघा, तेवढं पुरतं. बदलायची कारणं मोजकी: टूलची देखभाल थांबली, लायसन्स बदललं, पायथनच्या नव्या आवृत्तीवर ते चालेना, किंवा एकच शंका वेगवेगळ्या माणसांकडून सारखी यायला लागली. शेवटचं कारण हलकं वाटतं, पण शंकांची वही ठेवली तर मला ते सगळ्यात भरवशाचं वाटतं.

बदललंत तर जुनं पान पुसू नका. त्यावर ‘ही पद्धत अमुक महिन्यापासून आम्ही सुचवत नाही, नवी इथे आहे’ अशी ओळ टाका आणि ज्यांनी जुन्या पद्धतीने बसवलंय त्यांनी काय करायचं ते त्याखाली लिहा. बहुतेकांना ‘चालतंय तोवर हात लावू नका, पुढचा प्रकल्प नव्या पद्धतीने करा’ एवढंच सांगावं लागतं. ज्यांना खरंच हलवायचंय त्यांनी आधी जुन्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पॅकेजेसची आवृत्त्यांसकट यादी काढावी, नवी एन्व्हायर्नमेंट शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये बनवावी, प्रोग्राम दोन्हींत चालवून आकडे जुळवावेत आणि मगच जुनं फोल्डर डिलीट करावं. अडत दुकानात हे काम सौदे बंद असतील त्या दिवशी ठेवा.